चाळीसगावजवळचा शहामृग

पहाटे साडेपाचला धुळ्यातून निघालो तेव्हा मेहुण्याला एवढंच सांगितलं होतं की सकाळी माळावर जनावरं बघू, दुपारी पाटण्याला जाऊ आणि रात्रीच्या जेवणाला घरी. पाटणादेवी म्हटल्यावर तो खूश. डब्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, दोन लिंबं आणि एका जुन्या पेपरात गुंडाळलेली उकडलेली अंडी. शहर मागे पडल्यावर मी हळूच म्हटलं, देवीच्या आधी एका नाल्याकाठी थांबायचंय, तिथे शहामृगाच्या अंड्याची टरफलं सापडली होती.

त्याने गाडीचा वेग कमी केला. "दाजी, शहामृग? आपल्याकडे?"

"आपल्याकडेच. पंचवीसेक हजार वर्षांपूर्वी."

"मग आता तिथे बघायला काय आहे?"

"नाला."

तो पुढे बराच वेळ काही बोलला नाही. त्याचं बरोबरही होतं. पाटणे हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जगभर जातं, पण तिथे जाऊन उभं राहिलं तर कोरडा ओढा, त्याच्या खरवडलेल्या कडा आणि शेळ्या. जे दिसत नाही ते कसं वाचायचं, हे त्याला दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी सांगत होतो. तेच इथे जरा नीट लावून सांगतो.

सुरुवात माळापासून करावी लागेल. डिसेंबरात या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेवटची वेचणी चालू असते. पण शेतांच्या अधूनमधून, जिथे माती वीतभरही नाही आणि मुरूम वर आलाय, तिथे नुसतं गवत असतं. कुसळी, पवन्या, मधेच एखादा हिवर, बोरीचं झुडूप. अशाच एका माळाच्या कडेला गाडी लावली. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या हरणांना मोकाट कुत्र्यांचा त्रास आहेच, त्यात आपल्यासारख्या बघ्यांची भर नको.

तासभर काहीच दिसलं नाही. मेहुण्याने सीट मागे केली आणि डोळे मिटले. मग दुर्बिणीत आधी एक शेपूट दिसली. चिंकाऱ्याची शेपूट आखूड, काळी, आणि ती क्षणभर गप्प बसत नाही. बाकीचं अंग वाळल्या गवतात असं मुरून जातं की शेपूट हललीच नसती तर मी तो माळ रिकामा म्हणून सोडून दिला असता. दोन माद्या आणि एक पाडस. त्यातल्या एकीने मान वर केली, आमच्या गाडीकडे रोखून पाहिलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला. तिघंही निघाली. पळाली म्हणवत नाही. शंभर पावलं गेली, वळून बघत उभी राहिली, पुन्हा शंभर पावलं. या प्राण्याला दाट झाडी नको असते. लपण्यापेक्षा लांबून बघण्यावर आणि पायांवर त्याचा भरवसा. पाणीही फारसं लागत नाही, पाल्यातला ओलावा आणि दहिवर यांवर त्याचं पुष्कळ भागतं.

चिंकारा गेल्यावर तिथेच धाविक दिसले. तित्तरापेक्षा लहान, लांब पांढरट पायांचे पक्षी. चार पावलं तुरुतुरु पळायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा चार पावलं. यांचं घरटं म्हणजे उघडी जमीन. खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच घालतात. वरून भोवत्या ससाणा गवताला जवळजवळ पोट घासत गेला. तो मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येतो आणि रात्री झाडावर नाही, गवतातच बसतो.

मेहुण्याला उठवून म्हटलं, यांच्यात आता मनाने एक शहामृग उभा कर. खटकतो का? आकार सोडला तर नाही खटकत. शहामृगाचा डोळा जवळजवळ पाच सेंटिमीटरचा, जमिनीवरच्या कुठल्याही कणाधारी प्राण्यापेक्षा मोठा. धाव ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत. घरटं म्हणजे उघड्या जमिनीतला उथळ खळगा. हे सगळं साग-अंजनाच्या दाटीत फुकट जातं. शहामृग जिथे होता तिथे नजर लांब जाईल अशी जमीन होती, एवढं तर त्या पक्ष्याच्या अंगावरूनच कळतं.

"मग तो दगडात सापडला का?" मेहुण्याने विचारलं. जीवाश्म म्हटलं की बहुतेकांच्या मनात दगड आणि डायनासोर हे दोनच शब्द येतात. खान्देशात मात्र दगडात शोधून फारसं हाती लागत नाही, कारण आपला दगड लाव्ह्याचा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे लोटच्या लोट पसरले. सातमाळ्याच्या डोंगरांना लांबून पायऱ्या दिसतात ना, ते त्या लोटांचे थर. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या. हजार अंशाच्या रसात हाड टिकत नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात एखादं तळं साचलं असेल तर त्या गाळात शिंपले, झाडं मिळतात. बाकी कातळ मुका.

पण कातळावर नंतर मातीही आली. तापी, गिरणा आणि त्यांना मिळणाऱ्या शेकडो नाल्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. आपल्या भागातली जुनी जनावरं आणि जुनी माणसं शोधायची तर या गाळात. आणि गाळात सापडलेली वस्तू दगड झालेली असायलाच पाहिजे असं काही नाही. 'अश्म' हा शब्द आपल्याला चकवतो. पाटण्याचं टरफल आजही टरफलच आहे. पक्षिणीच्या पोटात जो चुना बनला तोच.

चाळीसगावात चहा घेतला. तिथून पाटणादेवीकडे वळलं की समोर डोंगराची भिंत उभी राहते. वर गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, बिबटे, अस्वलं, वानरं आणि मोरांचं. २०२१ च्या मार्चमध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला होता, पार यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. तेव्हा तालुक्यात दुसरा विषय नव्हता. आम्हाला वाघ सोडाच, वानरांपलीकडे काही दिसलं नाही. ऊन चढल्यावर निघालेल्या माणसाने तक्रार करू नये.

पाटणे गावाच्या शिवारात, डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याने जमीन उभी कापली आहे. शेतात विहीर खणताना जसे वेगवेगळे थर दिसतात तसेच इथे, फक्त खणायचं काम पाण्याने केलंय. गोट्यांचा एक पट्टा, त्यावर पिवळसर पोयट्याचा, मधे चुनखडीचे खडे, पुन्हा बारीक रेती. गोटे असतील तिथे पाण्याला जोर होता, पोयटा असेल तिथे पाणी संथ होतं, चुनखडीचे खडे दाट असतील तिथे बराच काळ कोरडा गेला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. धुण्याच्या टोपलीत सोमवारचे कपडे तळाशी आणि शनिवारचे वर, इतका साधा हा नियम आहे. कोणी टोपली उलटीपालटी केली नसेल तरच चालतो, हेही तितकंच साधं.

१९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. धुळे-जळगावचे नदीकाठ त्यांनी पायांखाली घातले होते. पाटण्याच्या थरांत त्यांना दगडी हत्यारांची चढती माळच मिळाली. खाली जाडजूड छिलके, वर लांब पाती, त्याच्याही वर नखाएवढी बारीक हत्यारं, जी लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून वापरायची. कच्चा माल इथलाच. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गारगोट्या तयार झाल्या, आणि त्या फोडल्या की काचेसारखी धार येते. लांब पात्यांच्या काळातल्या थरात या हत्यारांच्या सोबतीने शहामृगाच्या अंड्याची टरफलं निघाली. काहींचे मणी केलेले. एका तुकड्यावर कोरलेल्या रेषा.

आता टरफलच का टिकलं? अख्खा शहामृग शंभर-सव्वाशे किलोचा, त्याची हाडं का नाहीत? यासाठी मी मेहुण्याकडून एक अंडं मागून घेतलं. देवीचं दर्शन झाल्याशिवाय अंड्याला तोंड लावणार नाही असं त्याने ठरवलेलं, पण मला सोलून दिलं. कोंबडीच्या टरफलाची जाडी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. शहामृगाची जवळजवळ दोन मिलिमीटर, म्हणजे बशीएवढी. अंडं दीड किलोच्या आसपास, कोंबडीची दोन डझन एकात. ते टरफल बनतं कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीच्या एका घट्ट रूपाचं. हाडात चुना असतो, पण ते स्पंजासारखं सच्छिद्र. पाणी आत शिरतं, मुळं शिरतात, तरस ते चावून खातात. टरफलाच्या वाटेला कोणी जात नाही. शिवाय आपली जमीन चुनखडीची. आंबट जमिनीत चुना विरघळतो, आपल्याकडे उलट बाहेर पडून खडे धरतो. अशा जमिनीत टरफल पंचवीस हजार वर्षं सुखाने झोपू शकतं.

हे सांगत असतानाच माझा पोपट झाला. नाल्याच्या तळाशी खड्यांत एक तुकडा चमकला. दुधी रंग, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, किंचित बाक, जाडी बरोब्बर दोन मिलिमीटर. छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू. हात न लावता आधी फोटो काढला, मग गुडघ्यावर बसून भिंग लावलं. शहामृगाच्या टरफलावर बारीक ठिपके दिसायला हवेत, आतल्या पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून ठेवलेली छिद्रं. इथे एकही नाही. काचेसारखा गुळगुळीत लेप. तुटलेल्या कडेवर टरफलात उभे स्फटिक खांबांसारखे शेजारी-शेजारी दिसतात. इथे कड पिठासारखी एकसारखी. तोवर मेहुणा डब्यातलं लिंबू घेऊन आला. कोंबडीच्या टरफलावर थेंब टाकला, क्षणात बारीक बुडबुडे. चुना आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतोच. दुसरा थेंब माझ्या ठेव्यावर टाकला. काही नाही. तुकडा उलटा केला तर कडेला निळ्या रेघेचा अर्धा इंच.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "चहाची बशी."

बाजूला शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी एव्हाना राहवेनासं होऊन विचारलं होतं, "आठे काय देखी ऱ्हायनात भाऊ?" त्यांना बशी दाखवली. ते हसले नाहीत, उलट पावसाळ्यात वरून काय काय वाहून येतं ते सांगायला लागले. चपला, बाटल्या, एकदा तर पत्र्याची पेटी. मला त्यांचं म्हणणं पटलं. नाल्याच्या तळाशी पडलेली वस्तू ही टोपलीतून खाली सांडलेल्या कपड्यासारखी असते. सोमवारची की शनिवारची, सांगता येत नाही. बशीऐवजी खरंच शहामृगाचं टरफल असतं, तरी तळाशी पडलेल्या त्या तुकड्याने "मी टरफल आहे" याहून जास्त काही सांगितलं नसतं. साळींच्या तुकड्याला किंमत आहे ती तो थरात, हत्यारांच्या शेजारी, हात न लागलेल्या जागी मिळाला म्हणून. तुम्ही गेलात आणि काठात काही अडकलेलं दिसलं तर उपटू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खिशातून घरी आणलेला तुकडा शोकेसमध्ये छान दिसतो, पण तो त्या क्षणी आंधळा झालेला असतो.

वय कसं कळलं ते जरा सावकाश बघू, कारण "कार्बन डेटिंग केलं" म्हणून लोक पुढे सटकतात. वातावरणाच्या वरच्या थरात अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे कार्बनचा एक जड भाऊ सतत तयार होत असतो, कार्बन-१४. तो अस्थिर, हळूहळू विघटन पावणारा. गवत हवेतून कार्बन घेतं तेव्हा हाही थोडा येतो. गवत पक्षी खातो, आणि पक्षिणीच्या पोटातल्या टरफलात तो उतरतो. पक्षीण चरतेय तोवर भर पडत राहते. टरफल तयार होऊन अंडं बाहेर पडलं की त्यात नवी भर बंद, आता फक्त गळती. या गळतीचा हिशेब पक्का आहे. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या ५,७३० वर्षांत त्याचा निम्मा. रांजण भरायचं बंद केलं आणि गळती ठाऊक असली की उरलेल्या पाण्यावरून दिवस मोजता येतात, तसंच. चार वेळा निम्मं झालं की सोळावा हिस्सा उरतो आणि तेवीस हजार वर्षं होतात. पाटण्याच्या टरफलात साधारण विसावा हिस्सा उरला होता. आकडा आला पंचवीस हजार वर्षांचा. ही रीत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाअखेर बसवली, त्यासाठी १९६० चं नोबेलही मिळालं.

यात एक मेख आहे. रांजण दरवेळी काठोकाठ भरलेला होता असं आपण धरलं. प्रत्यक्षात हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण युगायुगांत कमी-जास्त झालंय. झाडांच्या वाढीची वलयं, गुहांमधले चुन्याचे लोंबते खांब, तळ्यांचे वार्षिक थर यांच्याशी ताडून आता आकडे दुरुस्त करतात. तशी दुरुस्ती केली की पंचवीस हजारांचा आकडा एकोणतीस हजारांच्या घरात जातो. म्हणून एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरा आकडा दिसला तर कोणी खोटं बोलतंय असं समजू नका, एकाने घड्याळ जुळवलंय आणि दुसऱ्याने नाही. दुसरी मेख, जमिनीतल्या पाण्याबरोबर आलेला नवा चुना टरफलावर बसतो आणि वय उगाच कमी दाखवतो. त्यासाठी वरचा पापुद्रा खरवडून आतला गाभा तपासतात.

रेषांची गोष्ट मला वयापेक्षा जास्त आवडते. पाटण्याच्या त्या तुकड्यावर समांतर रेषांच्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा आहेत, फुल्याफुल्यांची जाळी. अशा रेषांचे तुकडे मध्य भारतात इतरत्रही बरेच मिळाले होते, आणि काही काळ सगळ्यांनाच "प्राचीन कला" म्हटलं गेलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बहुतेकांची जादू उतरली. गवताची बारीक मुळं टरफलाला चिकटून वाढतात आणि त्यांच्या आंबट रसाने चुना खात जातात. मागे राहते ती नागमोडी, गोलाकार तळाची चरी. माणसाने गारगोटीच्या टोकाने ओढलेली रेघ सरळ जाते, तिच्या तळाशी टोकाचे ओरखडे असतात, आणि एक रेघ दुसरीवरून गेली तर कोणती आधीची तेही दिसतं. या परीक्षेत पाटण्याचा तुकडा उतरला. अंड्याएवढ्या गोल वस्तूवर सरळ रेषा ओढून बघा, हात किती सटकतो ते कळेल. पेन्सिलीने नाही, दगडाने.

कोरायचं कशासाठी, हे दक्षिण आफ्रिकेच्या कालाहारीतल्या सान लोकांकडे पाहून थोडं उमजतं. ते अगदी अलीकडेपर्यंत शहामृगाच्या अंड्याला एक भोक पाडून त्यात पाणी साठवत. एका अंड्यात लिटरभर मावतं. आपलं अंडं ओळखू यावं म्हणून त्यावर नक्षी. पाटण्याच्या माणसांनी नेमकं हेच केलं असं मी म्हणणार नाही. पण मण्यांची रीत मात्र दोन्हीकडे एकच असावी लागते, कारण वस्तूच दुसरा मार्ग ठेवत नाही. तुकडा नखाएवढा फोडायचा, मधे गारगोटीच्या टोच्याने भोक पाडायचं, मग ओबडधोबड तुकडे दोऱ्यात घट्ट ओवून सगळी माळ एकदम खरबरीत दगडावर घासायची. एकेक मणी घासत बसलं तर बोटं सोलतील.

इथे मेहुण्याने वकिलासारखा प्रश्न काढला. तो शहामृगच कशावरून? दुसरा कुठला मोठा पक्षी नसेल? जाडी, छिद्रांची ठेवण, स्फटिकांची रचना यांवरून अंदाज होताच. २०१७ मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात सापडलेल्या अशाच जुन्या टरफलातून डीएनए काढला आणि तो आजच्या आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळणारा निघाला. उष्ण देशात डीएनए लवकर विटतो, पण टरफलाच्या स्फटिकांत अडकलेला थोडा बचावतो. आफ्रिकेचा पक्षी इथे आला कसा, याचं नवल वाटायचं कारण नाही. एकेकाळी शहामृग चीन-मंगोलियापर्यंत होते. अरबस्तानातला शहामृग तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होता. बंदुका आणि जीपगाड्या आल्या आणि संपला. त्यामुळे तो आपल्याकडे होता यापेक्षा आता नाही, हेच जास्त विचार करण्यासारखं.

त्या काळातली हवा वेगळी होती. शेवटच्या हिमयुगात समुद्राचं बरंच पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलेलं. वीसेक हजार वर्षांपूर्वी, थंडी सर्वांत कडक असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. समुद्र गार, मोसमी वारा अशक्त, पाऊस कमी, आणि गवताळ माळ आजच्यापेक्षा कितीतरी पसरलेले. पुढे हवा तापली, पाऊस वाढला, झाडी चढली. माणसं अंडी उचलत होतीच. शहामृगाच्या अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात, त्यामुळे एक घरटं लुटलं गेलं म्हणजे बऱ्याच माद्यांची अंडी एकदम गेली. पाऊस आणि माणूस, दोघांनी मिळून त्याचं राज्य आखडत नेलं असावं.

आज तो माळ सरकारी नकाशात 'पडीक' म्हणून नोंदला जातो. झाडं नाहीत म्हणजे काहीच नाही, असा आपला समज. मग तिथे खड्डे खणून रोपं लावतात, फोटो काढतात. सकाळी पाहिलेल्या चिंकाऱ्याच्या दृष्टीने ते त्याच्या घरात भिंती घालण्यासारखं आहे. असो, माझा हा जुना राग आहे, मेहुण्यानेही तो शंभरदा ऐकलाय.

वस्तू नेमकी कुठे सापडली याची गोष्ट चालली होती म्हणून खान्देशच्याच दुसऱ्या पक्ष्याची आठवण झाली. रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात पश्चिम खान्देशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. फक्त एकाच नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी हे ठिकाण होतं, चिठ्ठी ब्रिटिश पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहागेन यांची. लोक त्या बाजूला शोधत राहिले, पक्षी मिळेना, नामशेष झाला असं धरलं गेलं. पुढे अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले तेव्हा उघड झालं की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला जुना नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला काढली, डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांमागे रासमुसेन निघाल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला, एकशे तेरा वर्षांनी, शहाद्याजवळ भर दिवसा निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला मिळाला. पक्षी कुठेच गेला नव्हता. एका चिठ्ठीने त्याला गायब केलं होतं.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही देवीकडे गेलो. मी अंडं खाल्लेलं म्हणून बाहेरूनच हात जोडले. मेहुणा आत गेला तोवर भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आठवत बसलो. हा चांगदेव ज्योतिषी. वाघावर बसून आलेला योगी तो निराळा, त्याचं देऊळ तिकडे तापी-पूर्णेच्या संगमावर. हा लेख शके ११२८ चा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाच्या देणगीचा. बहुतेक संस्कृत, पण बाजारातल्या करातला कोणता वाटा मठाला द्यायचा ते शेवटी मराठीत, देणाऱ्या-घेणाऱ्याला कळावं म्हणून. संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. कोणी, कधी, कुठे, कशासाठी, सगळं एकाच दगडावर. पुरातत्त्वाच्या माणसाला असं सुख रोज मिळत नाही.

परतीच्या वाटेवर, गावाबाहेर, गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला. मेहुण्याने एकामागून एक चार अंडी संपवली आणि टरफलं नीट गोळा करून पेपरात बांधली. मग पुडी उलटीसुलटी करून बघत म्हणाला, "दाजी, हीच पुरली इथे तर? तारीख आहे की पेपरवर."

"पेपर दोन पावसाळ्यांत कुजेल."

"आणि टरफलं?"

"ती राहतील."

त्याने थोडा विचार केला आणि पुडी डिकीत टाकली.